चर्न म्हणजे नुसतं मंथन नव्हे

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘चर्न’ काढला की ‘घुसळणे, मंथन करणे’ असं सापडतं. समुद्रमंथनापासून विचारमंथनापर्यंत मंथनाला आपल्याकडे मान. त्यामुळे चर्न दिसेल तिथे आपण तेच चिकटवून मोकळे होतो. पण एखादा लेखक वर्षाला चार कादंबऱ्या ‘चर्न आउट’ करतो असं इंग्रजी समीक्षक म्हणतो, तेव्हा तो कौतुक करत नसतो, टोमणा मारत असतो. याला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तोही दुधाच्याच धंद्यातला: रतीब घालणे.

मूळ अर्थ लोण्याचाच. फक्त तिकडे बहुधा साय घुसळतात, आपण विरजलेलं दही. घुसळताना स्निग्धकणांवरचं पातळ आवरण फाटतं आणि कण एकमेकांना चिकटून गोळा वर येतो. ताक कोमट असलं तर लोणी पांगतं. म्हणून आजी मध्येच रवी थांबवून गार पाणी ओतायची.

ब्रिटनमधल्या ‘मिल्क चर्न’मध्ये मात्र कुणी काही घुसळत नसे. शेताच्या फाटकाशी डेअरीच्या गाडीसाठी ठेवलेला तो दुधाचा कॅन, अनेकदा १० गॅलनचा, म्हणजे सुमारे ४५ लिटरचा. भाषांतरात त्याचा ताकाचा डेरा करू नये. ‘पोट चर्न होणं’ कधी मळमळ असते, कधी भीतीने पोटात येणारा गोळा. मागचं-पुढचं वाक्य वाचूनच ठरवावं.

शेअर बाजारात दलाल चर्निंग करतो म्हणजे तो चोख काम करतो, असंही नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यात विनाकारण खरेदी-विक्री करून आपली दलाली वाढवणं, असा त्याचा अर्थ. लोणी त्याला, ताक गिऱ्हाइकाला.

सर्वांत मोठा घोळ कंपन्यांच्या ‘चर्न रेट’चा. ही ग्राहकांची ये-जा नव्हे, फक्त जा. महिन्याच्या सुरुवातीला २०० ग्राहक होते, त्यांतले १० सोडून गेले, तर चर्न ५ टक्के. त्याच महिन्यात ३० नवे आले, तरी हा आकडा तोच राहतो. आणि ५ ला १२ ने गुणून वर्षाचे ६० टक्केही काढायचे नसतात. दर महिन्याला जातात ते उरलेल्यांतले ५ टक्के. त्यामुळे वर्षाअखेर त्या २०० पैकी साधारण १०८ टिकतात, म्हणजे ४६ टक्के गेले. शाळा सोडणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपण ‘गळती’ म्हणतोच. इथेही तोच शब्द चपखल बसतो.