मुंगीची ओळख कमरेवरून

नीरा डावा कालवा आला आणि वडगाव निंबाळकरच्या शिवारात ऊस उभा राहिला. त्याच बारामती तालुक्यात सुप्याकडे गेलं की माळरान सुरू होतं. जमीन बदलली की मुंग्याही बदलतात. पण नाव विचारलं तर उत्तरं दोनच: लाल मुंगी, नाहीतर काळी. रंगावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली.

पाहावी ती कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक गाठ असते. काहींना एक, काहींना दोन. साधं भिंग पुरतं. बाभळीच्या खोडावर धावणारा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, एका गाठीचा. त्याला नांगी नसते. तो जबड्यानं चावतो आणि फॉर्मिक आम्ल सोडतो. बांधावर भुसभुशीत मातीत राहणारी, पाय पडताच अंगाची आग करणारी तांबडी मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा. तिला दोन गाठी. तोंडानं कातडी धरायची आणि पोटाच्या टोकाची नांगी खुपसायची, ही तिची रीत. मूळची ती अमेरिकेची. जहाजांतल्या मालाबरोबर जगभर पसरली. झाडावरची क्रिमॅटोगॅस्टरही दोन गाठींचीच, पण डिवचली की बदामाच्या आकाराचं पोट ती थेट डोक्यावर उचलते. ही खूण दिसली की भिंग खिशातच राहू द्यावं.

माळावर मुंगीआधी तिचं बीळ बघावं. तोंडाभोवती गवताच्या बियांच्या फोलपटांचं कडं असेल, तर आत दाण्यांची साठवण आहे. अशी एक जात शास्त्राला पुण्यातूनच कळली. पावसात भिजलेले दाणे मुंग्या बाहेर काढून उन्हात वाळवतात, हे विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं इथं पाहिलं आणि १८३५ साली तिचं वर्णन छापलं. आज ती फिडोली प्रोव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते. पुढे १९०३ मध्ये चार्ल्स बिंगहॅम यांनी भारतातल्या मुंग्यांवर जाडजूड ग्रंथच लिहिला.

शेतकऱ्याला ही ओळख कामाची आहे. डाळिंबाच्या फांदीवर मुंगळ्यांची रांग लागली, तर शेंड्याकडे मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंगळे त्यांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.

पायही मोजावेत, कारण काही कोळी हुबेहूब मुंगीसारखे दिसतात. पाय आठ, त्यांतले पुढचे दोन मिशांसारखे हलवत चालतात. मोबाइलवर फोटो काढायचा तर बाजूनंच काढावा. वरून काढलेल्या फोटोत कमरेची गाठ नीट दिसत नाही.