३१ मार्चचे ट्रक कुठे गेले?

समजा, रे रोडच्या दारूखान्यातल्या एका भंगार व्यापाऱ्याला वर्षाचा हिशेब काढायचा आहे. वजनकाट्याच्या प्रत्येक नोंदीत तारखेसोबत वेळही आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘बिटवीन’ वापरून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मागितलं, की ‘३१ मार्च’ म्हणजे त्या तारखेचे ००:०० असा अर्थ लागतो. सकाळी ११:२० ला काट्यावर चढलेला ट्रक यादीत येतच नाही. वर्षअखेरचा जवळजवळ अख्खा दिवस गळतो आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचनाही येत नाही. खरा धोका हाच.

म्हणून अट अशी घालावी: वेळ >= १ एप्रिल २०२४ आणि वेळ < १ एप्रिल २०२५. शेवटी २३:५९:५९ लिहिण्याची पळवाट नको, सेकंदाच्या अंशातल्या नोंदी तिथेही निसटतात. वेळेच्या रकान्यावर ‘इयर’ फंक्शन लावलं तर साधा इंडेक्स सहसा कामी येत नाही आणि लाखो ओळी चाळाव्या लागतात. नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवल्या असतील, तर आपला १ एप्रिल तिथे ३१ मार्चला १८:३० वाजता सुरू होतो. दोन्ही मर्यादा साडेपाच तास मागे घ्याव्यात.