खण उलटा करून पाहा

अठराव्या शतकात अमेरिकेत घडलेले फर्निचर जमवणाऱ्याने वस्तूची दर्शनी बाजू सर्वांत शेवटी पाहावी, असे माझे ठाम मत आहे. कोरलेला शिंपला, बाकदार पाय, महोगनीची झळाळी हे सारे गिऱ्हाइकाच्या नजरेसाठीच असते आणि नक्कल करणाराही आधी तेच साधतो. न्यूपोर्ट किंवा फिलाडेल्फियाचा कारागीर कॅरिबियन बेटांवरून आलेले महागडे महोगनी बाहेरून वापरी. खणांना आणि पाठीला मात्र पाइन, चेस्टनट, ट्यूलिप पॉप्लर असे आसपास मिळणारे लाकूड लावी. त्यामुळे वस्तू कोणत्या गावची, हे बरेचदा आतले लाकूडच सांगते. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. तळफळीवरून बोटे फिरवली की हातरंध्याच्या उथळ पन्हळी जाणवतात. त्याऐवजी गोल करवतीचे कमानदार ओरखडे दिसले, तर ती फळी बहुधा १८३० च्या पुढची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, म्हणून तेव्हाचे गोल टेबल आज मापले तर किंचित लंबगोल भरते. अचूक गोल भरले तर शंका घ्यावी.

संग्रहालये फसतात, तिथे सामान्य माणसाचा काय पाड, असे कोणी म्हणेल. फसतात, हे खरे. ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मांड लामोंटेन यांनी १९६९ मध्ये सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर खुर्चीसारखी खुर्ची घडवून ती जुनी भासवली आणि पुढच्या वर्षी हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती ९,००० डॉलरना विकत घेतली. पण १९७७ मध्ये बिंग फुटल्यावर क्ष-किरणांत पुरावा सापडला तो सांध्यांच्या आत: तिथली भोके आधुनिक गिरमिटाची होती. झाकलेल्या जागेनेच निकाल दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काळवंडलेले पॉलिश खरवडून वस्तू वापरण्याजोगी केली, तर बिघडले काय? दुर्मीळ वस्तूचे फार बिघडते. न्यूपोर्टच्या जॉन गॉडर्ड यांच्या नावावर मांडले जाणारे, निकोलस ब्राउन यांचे लेखनमेज-कपाट १९८९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरना गेले. अशा कामावरचा मूळ थर एकदा गेला की कारागिराने ते कसे दिसू दिले होते, हे कळण्याची वाटच बुजते. साध्या, शेकड्यांनी टिकून राहिलेल्या कपाटांबाबत मात्र माझा तेवढा आग्रह नाही. गेल्या दोन दशकांत त्यांचे भाव बरेच उतरले आहेत आणि ती घरात वापरली जावीत हेच बरे. पाय डुगडुगत असेल तर सुताराकडून बसवून घ्यावा. निघालेले जुने खिळे आणि ढलप्या तेवढ्या पाकिटात घालून त्याच खणात ठेवाव्यात.