रांजण, बर्फ आणि गार कॉफीचा हिशेब

निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात, पाण्याच्या भोवऱ्याने गरगर फिरवलेल्या दगडगोट्यांनी काळ्या बेसॉल्टात जे खोल खळगे कोरले आहेत, त्यांना पारनेर तालुक्याच्या लोकभाषेने रांजणखळगे हे नाव दिले, कारण त्यांचा घाट घरातल्या पाण्याच्या रांजणासारखा होता. या खळग्यांची छायाचित्रे आज सर्वदूर पोहोचली असली, तरी ज्याच्यावरून हे नाव पडले तो रांजण बऱ्याच घरांतून हलला आहे आणि त्याच्या जागी फ्रिज आला आहे. तथापि चैत्रातील हळदीकुंकवाला पन्ह्याच्या जोडीने, किंवा लग्नसराईत दुपारी टेकलेल्या पाहुण्यांसाठी गार कॉफी करायची झाल्यास तिच्यामागचे भौतिकशास्त्र फ्रिजपेक्षा रांजणाजवळ अधिक चांगले समजते.

गार कॉफीविषयीची नेहमीची तक्रार ती पाणचट लागते अशी असते, आणि या तक्रारीचे मूळ पाककृतीत शोधण्यापेक्षा साध्या गुणाकारात शोधणे बरे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने बदलताना एक कॅलरी उष्णतेची देवघेव होते, आणि कॉफी ही बहुतांशी पाणीच असल्यामुळे 90 अंशांवरची 200 ग्रॅम कॉफी 5 अंशांवर आणायची तर तिच्यातून 200 गुणिले 85, म्हणजे 17,000 कॅलरी काढून घ्याव्या लागतात. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी शोषतो आणि वितळून झालेले पाणी 5 अंशांपर्यंत तापताना आणखी 5 कॅलरी घेते, म्हणून प्रत्येक ग्रॅम बर्फाच्या वाट्याला 85 कॅलरी येतात. भागाकार केला की उत्तर नेमके 200 ग्रॅम येते. म्हणजे उकळती कॉफी थेट बर्फावर ओतणारी व्यक्ती जितकी कॉफी तितकेच पाणी पेल्यात घालत असते, आणि मग कॉफीची पूड हलकी निघाली असा निष्कर्ष काढला जातो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला, उणे 18 अंशांचा बर्फ वापरला तरी हे गणित फारसे सुधारत नाही, कारण बर्फाची उष्णताधारकता पाण्याच्या निम्मी असल्यामुळे त्याला उणे 18 वरून शून्यावर येताना जेमतेम 9 कॅलरी लागतात आणि 200 ग्रॅमऐवजी 180 ग्रॅम बर्फ लागतो, इतकाच फरक पडतो. बर्फ गारवा देतो तो मुख्यतः वितळून, आणि वितळला की तो पाणी होणारच.

वितळण्यात खर्च होणाऱ्या या उष्णतेला शालेय पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात, कारण ती आत जात असताना तापमापकाचा पारा जागचा हलत नाही. ही गोष्ट ज्याने प्रथम मोजली, तो ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक वाफेच्या इंजिनाच्या कथेत जेम्स वॉटच्या सावलीत इतका झाकला गेला आहे की त्याच्या प्रयोगाजवळ थोडे थांबणे न्यायाचे ठरेल. 1760 च्या दशकाच्या आरंभी त्याने दोन सारखे पातळ काचेचे चंबू घेतले, एकात पाण्याचा बर्फ केला, दुसऱ्यात गोठणबिंदूच्या किंचित वर असलेले तितकेच पाणी ठेवले, आणि दोन्ही चंबू एका मोठ्या दालनात एकमेकांपासून काही अंतरावर टांगून ठेवले. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात 7 अंश फॅरनहाइटने वाढले. बर्फाच्या चंबूला मात्र त्याच तापमानापर्यंत पोहोचायला साडेदहा तास लागले. दालनाची हवा दोन्ही चंबूंना सारख्याच वेगाने उष्णता देत होती असे धरले, तर बर्फाने पाण्याच्या एकवीसपट उष्णता घेतली, आणि तिचा बहुतेक भाग तापमापकावर कोठेही उमटला नाही. एवढ्या साधनांवरून ब्लॅकने काढलेला आकडा आजच्या परिमाणात ग्रॅमला सुमारे 77 कॅलरी होतो. आजचा प्रमाण आकडा 80 च्या अगदी जवळ आहे. दोन चंबू, एक तापमापक, एक घड्याळ आणि दिवसभराचा धीर यांच्या बळावर अवघ्या तीन-चार टक्क्यांची चूक करणाऱ्या या माणसाने आपला शोध कधीही छापला नाही, तो फक्त वर्गात शिकवला. त्याची व्याख्याने 1803 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, जॉन रॉबिसनने प्रसिद्ध केली. आजच्या विद्यापीठीय मूल्यमापनात ब्लॅकला बहुधा बढती मिळाली नसती.

बर्फाच्या या मंद वितळण्यावर पुढे एक अख्खा व्यापार उभा राहिला. 1833 च्या मे महिन्यात बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे 180 टन नैसर्गिक बर्फ घेऊन, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले तेव्हा जवळपास 100 टन बर्फ शिल्लक होता, आणि लवकरच मुंबईतही अमेरिकेच्या तळ्यांतला बर्फ उतरू लागला. आता तालुक्याच्या गावीही बर्फाची लादी सहज मिळते. मात्र ती पाहुण्यांच्या पेल्यात पडण्यापूर्वी तिचा रंग पाहावा, कारण मासे व अन्य नाशवंत माल टिकवण्यासाठी केलेला अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून त्यात निळा रंग घालणे बंधनकारक करण्यात आले आहे, आणि निळसर लादी कितीही स्वच्छ दिसली तरी ती पिण्यासाठी नसते.

कॉफी बर्फाला भिडण्यापूर्वीच तिच्यातील बरीचशी उष्णता अन्य मार्गाने काढून टाकणे, हा पाणचटपणावरचा खरा उपाय होय. तीच 200 ग्रॅम कॉफी आधी 30 अंशांवर आणली, तर पुढच्या 25 अंशांसाठी 5,000 कॅलरीच काढायच्या राहतात आणि त्याला 60 ग्रॅम बर्फ पुरतो. येथे रांजण आणि माठ मदतीला येतात. सच्छिद्र मातीतून पाझरलेले पाणी बाष्प होताना ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी घेऊन जाते, म्हणजे वितळणाऱ्या बर्फाच्या सातपट. मात्र हे बाष्पीभवन किती होणार हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो, त्याच्याखाली माठ जाऊ शकत नाही. 38 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या दुपारी ही मर्यादा 21 अंशांच्या आसपास येते, तर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेच्या कोकणातील दुपारी ती 28 अंशांवरच अडते. पर्जन्यछायेतील पारनेरची कोरडी हवा पिकांना जितकी जाचक, तितकीच माठाला मानवणारी आहे. माठातले पाणी व्यवहारात या मर्यादेच्या दोन-चार अंश वरच राहते, तरीही ते 24-25 अंशांपर्यंत सहज उतरते.

असे 24 अंशांचे 4 लिटर पाणी घमेल्यात घेऊन त्यात 90 अंशांवरच्या 1 लिटर कॉफीचे पातेले ठेवले, तर दोहोंचे तापमान 37 अंशांवर जुळते, आणि पाणी एकदा बदलले की कॉफी 27 अंशांपर्यंत खाली येते. हिशेब सुबक आहे, परंतु त्यात 8 लिटर पाणी लागते, आणि ज्या तालुक्याने राळेगणसिद्धीच्या पाणलोटाच्या कामातून थेंबाचे मोल देशाला शिकवले, तेथे पाच-सहा पेल्यांसाठी 8 लिटर ही उधळपट्टीच म्हणावी लागेल, मग ते कोमट पाणी नंतर भांड्यांना वा परसातल्या भाजीला गेले तरी. त्यापेक्षा पातेल्याभोवती जाडसर सुती फडके ओले करून गुंडाळावे आणि ते वाऱ्याच्या वाटेवर, उंबऱ्याजवळ किंवा खिडकीत, सावलीत ठेवावे. 1 लिटर कॉफी 90 वरून 30 अंशांवर येताना 60,000 कॅलरी सोडते, आणि ही सगळी उष्णता बाष्पीभवनाने नेली असे धरले तरी त्यासाठी 100 ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे सुमारे अर्धा पेला पाणी उडून जाते. कोठे 8 लिटर आणि कोठे अर्धा पेला! फडके वाळत आले की त्यावर पुन्हा पाणी शिंपडावे लागते, वारा असेल तर तास-दीड तासात काम होते, आणि तापवलेले दूध गार करायचे असेल तर ते कोमट झाल्यावर तसेच न ठेवता लगेच फ्रिजमध्ये सरकवावे लागते, कारण कोमट दुधाइतके जिवाणूंना मानवणारे दुसरे काही नसते.

ज्यांना उकळण्याची भानगडच नको, त्यांच्यासाठी कोल्ड ब्रू नावाची पद्धत आहे, ज्यात भरड दळलेली कॉफी गार पाण्यात 12 ते 24 तास भिजत ठेवून गाळली जाते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अभियंत्यांनी 2024 मध्ये श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेच्या ध्वनिलहरींनी हा अर्क तीन मिनिटांच्या आत काढून दाखवला, तेव्हा त्या बातमीला बरीच प्रसिद्धी मिळाली. युक्ती चतुर आहे यात शंका नाही. पण ज्या घरात रात्री साबुदाणा भिजत पडतो आणि डोसाच्या पिठाला आंबायला रात्र दिली जाते, तेथे कॉफीने रात्रभर भिजण्याने कोणाचे काय अडते, हे समजणे कठीण आहे. कोल्ड ब्रूमध्ये आम्लता फारच कमी असते आणि म्हणून ती पोटाला सोसते, या जाहिरातीतील दाव्याकडेही सावधपणे पाहावे. अमेरिकेतील नायनी राव आणि मेगन फुलर यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत गार व गरम अशा दोन्ही अर्कांचे सामू, म्हणजे आम्लता दाखवणारे अंक, 4.85 ते 5.13 या एकाच पट्ट्यात आढळले. गरम अर्कात एकूण आम्लद्रव्ये अधिक उतरली होती एवढे खरे. गार कॉफी जिभेला सौम्य लागते म्हणून ती आम्लच नाही असे मानणे म्हणजे थंडगार ताक आंबट नसते असे म्हणण्यासारखे आहे.

जीभ तापमानाप्रमाणे वेगळी साक्ष देते, हे गोडीच्या बाबतीत तर फारच ठळक आहे. 2005 मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की चवीच्या पेशींमध्ये गोडीचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम5 नावाची प्रथिनाची वाट 15 अंशांवर मंद चालते आणि 35 अंशांकडे जाताना जोमाने उघडते. म्हणून गरम असताना बेताची वाटणारी कॉफी गार झाल्यावर अगोड लागते, आणि पाहुण्यांनी वरून मागितलेली साखर गार दुधात विरघळायला इतका वेळ घेते की ती पेल्याच्या तळाशीच बसून राहते. साखर आणि झटपट कॉफीची पूड दोन चमचे कढत पाण्यात आधीच विरघळवून मग गार दुधात घालणाऱ्या घरांनी हा प्रश्न टीआरपीएम5 चे नावही न ऐकता सोडवलेला आहे. मिक्सरमध्ये घुसळलेल्या कॉफीवर जो फेस उभा राहतो, तो दुधातील प्रथिनांनी हवेच्या बुडबुड्यांभोवती धरलेल्या पातळ पापुद्र्यांचा असतो. उरलेली कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवून तिचेच खडे वापरले, तर ते वितळल्यावर पेल्यात पाण्याऐवजी कॉफीच वाढते, आणि वर मांडलेला सगळा भागाकार निकालात निघतो.

राहिला प्रश्न जायफळाचा. मराठी घरातील कॉफीला जायफळाचा वास हवाच असतो, परंतु वास म्हणजे द्रवातून उडून नाकापर्यंत पोहोचलेले रेणू, आणि 5 अंशांच्या द्रवातून ते फारच थोडे उडतात. त्यामुळे उकळताना घातलेले जायफळ गार पेल्यात जवळजवळ मुके होते. त्यासाठी ते कॉफीत उकळू नये. पेला भरून, फेस बसण्याआधी, अगदी शेवटी किसणीवर दोनदा घासून वरच्या वर भुरभुरावे, म्हणजे त्याचे कण फेसावर कोरडे राहतात, हवेच्या उबेने त्यांतील तेल उडत राहते, आणि पाहुण्याने पेला ओठांशी नेला की कॉफीच्या आधी जायफळ पोहोचते.