कमोडोर सर विल्यम जेम्स (व्यक्तिचित्र)

'कमोडोर सर विल्यम जेम्स' हे इंग्लिश चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगविलेले तैलचित्र आहे. ते लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. विल्यम जेम्स (मृत्यू: १७८३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमाराचे प्रमुख होते. कोकणातील सुवर्णदुर्गाच्या पाडावामुळे त्यांना प्रसिद्धी मिळाली.

पार्श्वभूमी

कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर (१७२९) त्यांच्या पुत्रांमध्ये वारसाहक्कावरून कलह सुरू झाला. पुढे दक्षिण कोकणातील आरमाराची सूत्रे तुळाजी आंग्रे यांच्याकडे आली. त्यांनी पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही. त्यामुळे नानासाहेब पेशवे यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध तह केला. त्याच वर्षी मार्चमध्ये जेम्स 'प्रोटेक्टर' या ४४ तोफांच्या जहाजासह मुंबईहून निघाले. एप्रिलच्या आरंभी त्यांनी हर्णैजवळील सुवर्णदुर्गावर तोफांचा मारा केला. किल्ल्यात आग लागून दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि किल्ला पडला. तहानुसार तो पेशव्यांना मिळाला, तर बाणकोट इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. त्या वेळी तेथील आंग्र्यांचे आरमार जळून नष्ट झाले.

चित्रकार

रेनॉल्ड्स हे १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचे पहिले अध्यक्ष होते. नौदल अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे हा त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग होता. त्यांनी १७५०च्या दशकाच्या आरंभी काढलेले ऑगस्टस केपेल यांचे चित्रही ग्रीनिच येथेच आहे. जेम्स १७५९ मध्ये इंग्लंडला परतले. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष व पार्लमेंटचे सदस्य झाले आणि १७७८ मध्ये त्यांना 'बॅरोनेट' हा किताब मिळाला. रेनॉल्ड्स यांच्यासारख्या अग्रगण्य चित्रकाराकडून व्यक्तिचित्र रंगवून घेणे हे तत्कालीन इंग्लिश समाजात प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई.

स्मारक

जेम्स यांच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनमधील शूटर्स हिल येथे पतीच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधविला. वास्तुविशारद रिचर्ड जप यांनी त्याचा आराखडा केला. त्याची उंची सुमारे ६३ फूट आहे. 'सेव्हर्नड्रूग कॅसल' हे त्याचे नाव 'सुवर्णदुर्ग' या शब्दाचा इंग्रजी अपभ्रंश आहे.

महत्त्व

इंग्लंडमधील या दोन्ही स्मृती एका अधिकाऱ्याच्या पराक्रमाचा गौरव करतात. प्रत्यक्षात ही मोहीम पेशवे व कंपनी यांच्या तहातून घडली होती. आंग्र्यांच्या आरमाराचा नाश झाल्याने कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही. म्हणूनच अनेक मराठी इतिहासकारांनी नानासाहेबांच्या या निर्णयावर टीका केली आहे. मराठी वाचकासाठी हे चित्र विजेत्याच्या प्रतिमेइतकेच मराठ्यांच्या सागरी सत्तेच्या ऱ्हासाचेही स्मरण आहे. सुवर्णदुर्गाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली झाला.