तात्यापाऱ्यातून बर्फाकडे : जुनी गाडी कोणती घ्यावी?

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातून बोलतोय. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तेव्हाच घरोघरी मनालीचे बेत शिजतात. यंदा माझ्या भाच्याने चार लाख बाजूला काढलेत. त्याला जुनी गाडी घ्यायची आहे आणि ताई-भाऊजींना घेऊन लाहौलपर्यंत जायचं आहे. दोघंही साठीच्या पुढचे. गाडी घाटात बंद पडली तर कुडकुडत बसणार तेच. त्यामुळे मी त्याला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

पहिला प्रश्न गाडीचा नाही, महिन्याचा आहे. जून ते सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर फोर बाय फोरची गरज जवळजवळ नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौलला जायला ३,९७८ मीटरवरचा रोहतांग ओलांडायची सक्ती संपली. डिसेंबर ते मार्चमध्ये मात्र बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या सोलंगच्या आसपास थांबवतात. फोर बाय फोर असेल किंवा चाकांना साखळ्या असतील, तरच बहुधा पुढे सोडतात. भाच्याचा बेत जूनचा आहे, म्हणजे निम्मा खर्च तिथेच वाचला.

आता लोकांच्या डोक्यात जिप्सीच असते. गाडी उत्तमच. हलकी, खालून २१० मिलिमीटर उंच, लो गिअरची फोर बाय फोर. पण नवी मिळत नाही म्हणून जुनीचे भाव चढलेत, आणि साठीच्या माणसांना तिच्या मागच्या बाकावर सतराशे किलोमीटर बसवणं हा छळ आहे. जुनी थारही तशीच. डस्टरचा ऑल व्हील ड्राइव्ह प्रकार माझ्या मते या कामाला फार शहाणा, फक्त सुटे भाग कुठे मिळतील ते घेण्याआधी विचारून ठेवा. बोलेरोचं काम मात्र कुठल्याही गावचा मिस्त्री करतो, आणि डोंगरात याचं मोल शोरूममध्ये बसून कळत नाही. आमच्या भागात बोलेरो पाहताना ती कोरबा किंवा दल्ली-राजहराच्या खाणीवर ठेकेदाराकडे धावलेली नाही ना, एवढं बघा. मीटरवरचा आकडा काहीही म्हणो, क्लच आणि पाटे खरं बोलतात.

उंचीवर इंजिनाला धाप का लागते? चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के राहतो. साध्या पेट्रोल इंजिनाला तेवढीच कमी हवा मिळते आणि ताकद त्याच मानाने घटते. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, म्हणून त्याला त्रास कमी. पाच माणसं आणि सामान असेल तर एक लिटरच्या छोट्या पेट्रोल गाडीत चढावर पहिल्या गिअरमध्ये रडत बसावं लागेल. डिझेलचं दुखणं वेगळं : कडक थंडीत आपल्याकडचं डिझेल गोठून दाट होतं. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. जूनमध्ये याची चिंता नको. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी वर पोचल्यावर तिथल्याच पंपावर टाकी भरावी.

गाडी कुठली आहे, हेही बघा. मुंबई-कोकणातली गाडी वरून चकाचक आणि खालून गंजलेली असू शकते. रायपूर-नागपूरच्या गाडीचा पत्रा सहसा ठणठणीत, पण उन्हाने रबरी नळ्या, पट्टे आणि बॅटरी आटलेली. रबर बदलता येतं, गंजलेला सांगाडा नाही. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ दिसली तर चहा पिऊन परत या. टायरवर चार आकडे असतात : १८२१ म्हणजे २०२१ चा अठरावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसू दे, सहा-सात वर्षांचा टायर घाटात नको.

रेडिएटरबद्दल जरा थांबतो, कारण आपल्याकडे त्यात सर्रास नळाचं पाणी भरतात. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घातलं तर मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. झाकण उघडून रंग बघा. तांबूस गाळ दिसला तर भाव पाडा किंवा गाडी सोडा.

चाचणी जी. ई. रोडवर घेऊ नका. विकणाऱ्याला डिझेलचे पैसे द्या आणि केशकाल घाटात चला. चढताना तापमानाचा काटा बघा, उतरताना ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की लांब उतारावर उकळतं आणि पेडल रिकामं खाली जातं. म्हणून ते आधी बदला, आणि ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. फोर बाय फोर घेत असाल तर राजिमला महानदीच्या वाळूत लो गिअर टाकून बघा, कोरड्या डांबरावर नको, आतले दाते ताणले जातात. आणि एक ध्यानात ठेवा : चारही चाकं ओढली म्हणून बर्फावर गाडी लवकर थांबत नाही.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह होतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्येच बंदीचा आदेश दिला, म्हणून त्या स्वस्त. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला रोड टॅक्स आणि नवा सीजी नंबर धरून हिशोब करा. कर्जाची नोंद कागदावरून उतरली आहे का, तेही आधी बघा.

भाच्याला मी सांगितलंय : अडीच-तीन लाखांत टर्बो डिझेल गाडी शोध, चाकं ओढणारी दोनच असली तरी चालेल. उरलेल्यातून टायर, बॅटरी, ब्रेक, कूलंट. आणि आयुष्यात एकदाच जायचं असेल तर गाडी घेऊच नकोस. चंदीगडपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे तिथला पहाडी ड्रायव्हर कर. तो अजून ठरवतोय. रविवारी आम्ही टिकरापाऱ्यात एक बोलेरो बघायला जातोय, सीटबेल्ट आधी ओढणार.