बिबट्याला मॅग्नम कशाला?

कांजूरमार्ग पश्चिमेला उतरून आयआयटीकडे रिक्षा धरली की थोड्याच वेळात बिबट्याचा मुलूख लागतो. विहार तलावाच्या अंगाने हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला भिडलेला, त्यामुळे कॅम्पसात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच. ती आली की कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच, ‘एक मॅग्नम हवी, विषय संपला!’ 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, हे बाजूला ठेवू. पण मॅग्नम कशाशी खातात, हे तरी म्हणणाऱ्याला ठाऊक असावं.

त्याच बोअरच्या साध्या काडतुसापेक्षा ज्यात दारू जास्त मावते आणि गोळी जास्त वेगाने सुटते, ते ढोबळमानाने मॅग्नम. .30-06 मधून साडेअकरा-पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटरने निघते, 1963 च्या .300 विंचेस्टर मॅग्नममधून तीच गोळी 900 च्या आसपास. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून एवढ्याशा फरकाचाही गाजावाजा.

मोठ्या जनावरांसाठी आजही आधी नाव निघतं ते .375 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचं. लंडनच्या या कंपनीने ते 1912 मध्ये काढलं. काडतूस हातात घेतलं तर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पितळी नळी बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते, आणि बुडाशी एक जाड कडं असतं. काडतुसाचा खांदा, म्हणजे नळी तोंडाशी अरुंद होते तो भाग, इतका उतरता की काडतूस रायफलीत नेमकं कुठे अडावं हे त्याच्या भरवशावर सोडता येत नाही; ते काम कडं करतं. निमुळतेपणाचा उपयोग उष्ण देशात. त्या काळची कॉर्डाइट दारू उन्हाने तापली की दाब वाढे आणि रिकामी नळी रायफलीत अडकून बसे. निमुळती नळी चटकन सुटते. समोर चवताळलेला गवा असताना नळी अडकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बोअरच्या आकड्यांमध्ये हिंदुस्थानचाही हात आहे. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची दारूगोळा-सामग्री बंडखोरांना मिळेल या भीतीने ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी .450 बोअरवर इथे बंदी घातली. मग विलायती बंदूकवाल्यांनी .465, .470 असे शेजारचे बोअर काढले. आजही शिकारीचे शौकीन ज्यांची नावं आदराने घेतात, त्यातली काही अशी सरकारी हुकमाची अपत्यं आहेत!

निवड मात्र आकड्यावर ठरत नाही. गव्याचं वजन 900 किलोच्या घरात जातं. त्याचं खांद्याचं हाड फोडायचं तर जड आणि न फुटणारी गोळी लागते. वाघ त्याच्या पाव वजनाचा, कातडं पातळ. त्याला आत जाऊन पसरणारी मऊ नाकाची गोळी पुरते. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर 1907 मध्ये भेट मिळाली ती .275 रिग्बी, मॅग्नम नव्हेच. शिवाय जोरदार रायफलीचा धक्का खांद्यात बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. हुकलेली मॅग्नम जखमी जनावर मागे सोडते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

जनावर गोळीने मारावं की बेशुद्ध करून पकडावं, या प्रश्नाची आपल्याकडे कसोटी लागली ती यवतमाळात. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघीण, म्हणजे अवनी, गोळीने मारली गेली. वाद पेटला तो गोळीच्या बोअरवरून नव्हे, आधी बेशुद्धीचा डार्ट खरोखर मारला होता का, यावरून.

मुंबईत वन विभागाच्या हातात असतो तो हा डार्टच, आणि त्याचं गणित बरोबर उलटं. वेग जास्त झाला तर सुई हाड फोडते, कमी झाला तर कातड्यावरून घसरते. म्हणून अंतर पाहून दाब कमी-जास्त करायचा आणि मांडीचा किंवा खांद्याचा मांसल भाग धरायचा. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते आणि ते वजन लांबून नजरेनेच जोखावं लागतं. डार्ट लागला तरी बिबट्या लगेच आडवा होत नाही. काही मिनिटं धावतो, भिंती चढतो, दिसेल त्या आडोशाला शिरतो. तेवढा वेळ बघ्यांना मागे रेटणं हे पथकाचं सर्वांत अवघड काम, आणि त्यासाठी अजून कुठल्याच कंपनीने काडतूस काढलेलं नाही.